स्वप्न : संकेत की लिंग?

हेतू, लिंग आणि औषध ही आयुर्वेदाची तीन सूत्रे आपण सर्वजण पहिल्या वर्षापासून पाठ करीत आलो आहोत. त्यांपैकी ‘लिंग’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की तो केवळ वैद्यकाचा नसून ज्ञानप्रक्रियेचाही शब्द आहे, याचा सहसा विसर पडतो. न्यायदर्शनात डोंगरावर दिसणारा धूर हे अग्नीचे लिंग होय. चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात लिंग, आकृती, लक्षण, चिन्ह, संस्थान, व्यंजन आणि रूप हे शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिले आहेत. चिन्ह पाहावे आणि त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत पोहोचावे, हेच वैद्याचे नित्यकर्म आहे.

नाडी, जिव्हा, मल, मूत्र, स्वर, त्वचा ही चिन्हे आपण रोज वाचतो. स्वप्न हे चिन्ह मात्र आपल्या दवाखान्यांतून जवळजवळ हद्दपार झाले आहे. केसपेपरवर ‘निद्रा’ असा रकाना असतो आणि त्यात ‘अल्प’, ‘खंडित’ किंवा ‘प्राकृत’ असा एक शब्द लिहून आपण पुढे सरकतो. रुग्णाने आपण होऊन स्वप्नाचा विषय काढला, तर काही जण हसून तो उडवून लावतात. काही जण एखादी शांती सुचवतात. या दोन्ही प्रतिक्रिया दिसायला विरुद्ध असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. स्वप्न म्हणजे भविष्याचा संकेत, ही ती समजूत. एकाचा त्यावर विश्वास नाही, दुसऱ्याचा आहे, एवढाच काय तो भेद. ही समजूतच तपासून पाहावी आणि स्वप्नाला निदानातील त्याचे मूळ स्थान परत द्यावे, असे व्यवसायबंधूंपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

जागेपणीची दोन चिन्हे

जागेपणी आपण ज्या चिन्हांच्या आधारे विचार करतो, ती स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. धूर आणि अग्नी यांचा संबंध कोणी ठरवलेला नाही. अग्नी हे कारण आणि धूर हे कार्य. हा संबंध निरपवाद आढळतो, म्हणून त्याला व्याप्ती म्हणतात आणि धुराला लिंग म्हणतात. याउलट ‘अग्नी’ हा शब्द आणि प्रत्यक्ष अग्नी यांचा संबंध, नैयायिकांच्या मते, संकेताने ठरलेला आहे. मीमांसकांना हे मान्य नाही; ते शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानतात. तथापि व्यवहारात नैयायिकांचे म्हणणे सहज पटते. जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या पश्चात १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतही शब्द आणि अर्थ यांचे नाते स्वाभाविक नसून समाजाच्या मान्यतेवर उभे आहे, हेच सूत्र आहे.

वैद्याला दोन्ही प्रकारची चिन्हे लागतात. मूत्राला मुंग्या लागतात हे प्रमेहाचे पूर्वरूप लिंगाच्या जातीचे आहे. मूत्रातील माधुर्य हे कारण, मुंग्या हे कार्य. रुग्ण ‘पोटात कालवतंय’ म्हणतो तेव्हा मात्र तो शब्द आपल्या भागात कोणत्या अर्थाने वापरतात, हे माहीत असावे लागते. लिंग वाचताना व्याप्ती खरी आहे की हेतू व्यभिचारी आहे, हे तपासायचे असते. संकेत वाचताना बोलणारा आणि ऐकणारा यांची भाषा एक आहे ना, हे पाहायचे असते. या दोहोंची गल्लत झाली की निदान चुकते.

आता प्रश्न असा, की स्वप्नात दिसणारा साप, पाणी, पडका वाडा किंवा मृत आप्त हे चिन्ह कोणत्या जातीचे? बाजारात मिळणाऱ्या स्वप्नफलाच्या पुस्तिका त्याला संकेत मानतात. साप म्हणजे अमुक, दात पडणे म्हणजे तमुक, असा जणू एक शब्दकोश त्या छापतात. परंतु संकेत म्हटला की तो ठरवणारे किमान दोन पक्ष हवेत. भाषेचा संकेत समाजाने ठरवला. रस्त्यावरील लाल दिव्याचा शासनाने ठरवला. स्वप्नातील सापाचा अर्थ कोणी, कोणाबरोबर ठरवला? रोज शेतात साप पाहणारा शेतकरी, सर्पमित्र म्हणून काम करणारा तरुण आणि लहानपणी सर्पदंशाने भाऊ गमावलेली स्त्री, या तिघांच्या स्वप्नातील साप एकाच कोशात बसवणे म्हणजे तीन भाषा एकाच शब्दकोशाने वाचण्यासारखे आहे.

निदानस्थानाची दृष्टी

आपल्या संहितांत स्वप्न कोठे सांगितले आहे, ते पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात स्वप्नांचा सविस्तर विचार ज्या पाचव्या अध्यायात केला, त्याचे नाव ‘पूर्वरूपीय’ असे आहे. पूर्वरूप हे निदानपंचकातील एक अंग आहे, हे वेगळे सांगावयास नको. त्याच अध्यायात दारुण स्वप्नांची संप्राप्तीही दिली आहे : अतिबलवान दोषांनी मनोवह स्रोतसे भरली असता अशी स्वप्ने दिसतात. हे कार्यकारणाचे विधान आहे. येथे स्वप्न दोषांचे कार्य म्हणून, म्हणजे धुराप्रमाणे लिंग म्हणून, सांगितले आहे.

निदानस्थानातील दोन उदाहरणे यासाठी मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. शोषाच्या पूर्वरूपांत रुग्णाला स्वप्नात वारंवार कोरडे पडलेले जलाशय आणि ओस पडलेली गावे दिसतात, तो राख, हाडे, कोळसे यांच्या ढिगांवर चढतो, असे वर्णन आहे. उन्मादाच्या पूर्वरूपांत रुग्ण तेलाच्या घाण्याच्या चाकावर बसतो, वावटळीत घुसळला जातो, गढूळ पाण्याच्या भोवऱ्यात बुडतो. एका रोगात धातू आटत आहेत, तर स्वप्नात पाणी आटले आहे आणि गाव रिकामे झाले आहे. दुसऱ्या रोगात मन स्थिर राहत नाही, तर स्वप्नातील सारे जग गरगरत आहे. हे साम्य योगायोगाचे आहे, असे मला वाटत नाही.

यातून स्वप्नाची कार्यपद्धती उलगडते. जागेपणी चिन्ह आधी येते आणि मन त्याचा अर्थ शोधत जाते. स्वप्नात अर्थ आधीच हजर असतो. तृष्णा, मूत्रवेग, भय, धातुक्षय, दोषांचा प्रकोप यांपैकी काहीतरी शरीरात किंवा मनात घडत असते. इंद्रिये बाह्य विषयांपासून निवृत्त झालेली असतात. आणि मन त्या घटनेला साजेसे चिन्ह आपल्या स्मृतीच्या साठ्यातून काढून तिच्या अंगावर चढवते. रात्री मूत्रवेग आलेला मनुष्य स्वप्नात संडास शोधत हिंडतो, हा अनुभव बहुतेकांना असेल. फ्रेंच विद्वान आल्फ्रेड मोरी याने १८६१ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलेले स्वप्न याच जातीचे आहे. झोपेत पलंगाची एक पट्टी त्याच्या मानेवर पडली आणि त्याला फ्रेंच राज्यक्रांतीतील न्यायासन, शिक्षा व मानेवर पडणारे पाते असे सविस्तर स्वप्न पडले. मानेवरील आघात एवढाच अर्थ. क्रांतीचा देखावा हे त्या अर्थाला चढवलेले वस्त्र. मोरी फ्रान्समध्ये वाढला म्हणून त्याला गिलोटिन दिसले.

वैशेषिक परंपरेतील प्रशस्तपादांनी स्वप्नाची तीन कारणे सांगितली आहेत : संस्कारांची तीव्रता, धातुदोष आणि अदृष्ट. वातप्रकृतीचा मनुष्य आकाशात संचार करतो, पित्तप्रकृतीचा अग्नी व सुवर्ण पाहतो, कफप्रकृतीचा नद्या, समुद्र पाहतो, ही मांडणी त्यांच्याकडेही आहे आणि सुश्रुत व वाग्भट यांच्या प्रकृतिवर्णनातही आहे. वस्त्र संस्काराचे आणि शरीर दोषाचे, असे म्हटले तर दोन्ही शास्त्रांचा मेळ बसतो.

येथे एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वप्नात काय दिसले यापेक्षा स्वप्नात काय घडत होते, हे विचारावे. घाणा आज खेड्यातही क्वचितच दिसतो. आजच्या रुग्णाला जत्रेतील पाळणा दिसेल, न थांबणारी लिफ्ट दिसेल, घाटातून ब्रेक न लागता सुटलेली एस.टी. दिसेल. वस्तू बदलली, गरगरणे, अनावर वेग आणि हातून सुटलेला ताबा तोच राहिला. संहितेतील वस्तूंची यादी पाठ करणाऱ्याला हे स्वप्न संहिताबाह्य वाटेल, तर क्रिया पाहणाऱ्याला त्यात ओळखीचे लक्षण दिसेल.

आधुनिक संशोधन काय सांगते

सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नविषयक प्रसिद्ध ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. त्यावर वर्ष मात्र १९०० छापले होते. त्यांनी स्वप्नाला दडपलेल्या इच्छेचे वेषांतर मानले. आपल्या सप्तविध स्वप्नांतील ‘प्रार्थित’ या एका प्रकाराला त्यांनी सारे राज्य दिले, असे फार तर म्हणता येईल. तथापि प्रत्येक स्वप्नचिन्हाचा माग त्या व्यक्तीच्याच आठवणींतून काढावा, हा त्यांचा आग्रह वैद्यालाही उपयोगी आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा नोंदवला. या टप्प्यातून जागे केलेल्या व्यक्ती स्वप्ने अधिक वेळा सांगतात, असे दिसून आले. हा टप्पा रात्रीच्या उत्तरार्धात अधिक दीर्घ असतो. १९७७ मध्ये हॉब्सन व मॅकार्ली यांनी असे मांडले, की मेंदूच्या खोडातून उठणाऱ्या प्रेरणांना वरचा मेंदू जमेल तसा अर्थ लावतो आणि तेच स्वप्न. या मताला पुढे बरेच आक्षेप घेतले गेले.

वैद्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम १९८६ चे आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे शेंक व माहोवाल्ड यांनी एक निद्राविकार वर्णिला. स्वप्नाच्या टप्प्यात आपले ऐच्छिक स्नायू शिथिल असतात, म्हणून स्वप्नात धावणारा मनुष्य अंथरुणात स्थिर असतो. या विकारात ही शिथिलता राहत नाही आणि रुग्ण स्वप्न अक्षरशः वठवतो; ओरडतो, लाथा मारतो, पलंगावरून पडतो. पुढे असे दिसले, की यांतील बहुसंख्य रुग्णांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच गटातील मेंदूचे विकार होतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या २४ केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात १,२८० रुग्ण होते. बारा वर्षांच्या काळात विकाराकडे जाण्याचे प्रमाण ७३.५ टक्के निघाले. कंपवाताचा कंप दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे तो स्वप्नात प्रकट होऊ शकतो, असा याचा अर्थ. पूर्वरूपाचे याहून स्पष्ट उदाहरण आधुनिक वैद्यकात शोधावे लागेल.

माझ्या दवाखान्यात सुमारे साठीचे एक शेतकरी गृहस्थ मलावरोधाच्या तक्रारीसाठी येत असत. एकदा त्यांच्या पत्नी बरोबर आल्या. त्यांच्या मनगटाला सूज होती. विचारल्यावर कळले, की यजमान झोपेत हात झाडतात. ‘रानडुक्कर पिकात शिरतं आणि मी काठीनं हाणतो,’ असे ते स्वतः संकोचाने म्हणाले. गावात ‘बाहेरचं काहीतरी’ असे निदान झाले होते आणि त्यावर खर्चही झाला होता. रानडुक्कर हे त्यांच्या शिवारातले, म्हणजे ‘दृष्ट’. त्याचा अर्थ शोधण्यात काही हाशील नव्हते. झोपेत हात प्रत्यक्ष उठतो, हे लिंग होते. पुढे विचारता, फोडणीतल्या हिंगाचा वास तीन-चार वर्षांपासून येत नसल्याचेही समजले. त्यांना मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवले, अंथरूण जमिनीलगत घालण्यास सांगितले आणि जवळची विळी, कंदील वगैरे वस्तू दूर ठेवण्यास सांगितले. हा प्रश्न विचारला नसता, तर ते गृहस्थ माझ्याकडून केवळ त्रिफळा घेऊन जात राहिले असते.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

स्वप्नाच्या हेतूंत औषध हाही एक हेतू असतो, हे विसरून चालणार नाही. याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि ही वनस्पती जगभर गेली. तिच्यातील रेसर्पिन या द्रव्याने दुःस्वप्ने पडतात व मनुष्य खिन्न होतो, हेही पुढे सर्वत्र नोंदले गेले. झोपेसाठी म्हणून ग्राहक परस्पर सर्पगंधेची गोळी मागतो, तेव्हा ‘स्वप्ने कशी पडतात? मन उदास असते का?’ हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज ती काउंटरवरून देऊ नये.

दम्याच्या व ॲलर्जीच्या रुग्णांना दिले जाणारे मॉन्टेलुकास्ट हे दुसरे उदाहरण. त्याच्या मनोविकारविषयक दुष्परिणामांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये ठळक चौकटीतील इशारा जाहीर केला. दुःस्वप्ने ही त्यांतील एक तक्रार आहे. लहान मूल रात्री दचकून उठते म्हणून आई आपल्याकडे दृष्टीचा उपाय किंवा ब्राह्मी मागायला येते. त्या मुलाला ही गोळी चालू आहे का, हे आधी पाहावे. प्रोप्रानोलॉलसारखी रक्तदाबाची औषधे आणि लेव्होडोपा यांनीही स्वप्ने तीव्र होतात. कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा असतेच. तेव्हा कंपवाताच्या रुग्णाला आधुनिक औषधाच्या जोडीने ते चूर्ण देताना हिशेब ठेवावा. मद्य एकदम सोडलेल्या रुग्णालाही काही रात्री भीषण स्वप्ने पडतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारा प्रमेही घामाने डबडबून वाईट स्वप्नातून उठत असेल, तर रात्री रक्तातील साखर उतरत असण्याचा संभव आहे. यांपैकी कोणतेही औषध परस्पर बंद करण्याचा सल्ला देऊ नये. ज्याने लिहून दिले त्या वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे रुग्णाला चिठ्ठीसह पाठवावे.

दोन शंका

यावर पहिली शंका अशी येईल, की इंद्रियस्थानात स्वप्नांचे मरणसूचक फल स्पष्ट सांगितले असता ते नाकारायचे काय? नाकारण्याचा प्रश्न नाही. ते पूर्ण वाचण्याचा प्रश्न आहे. चरकाचार्यांनी दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज असे सात प्रकार करून पहिले पाच निष्फळ ठरवले. दिवसा पडलेली, अतिदीर्घ व अतिऱ्हस्व स्वप्नेही त्यांनी बाजूला काढली. वाग्भटांनी त्यांत स्वतःच्या प्रकृतीला अनुसरून पडणारी आणि विसरलेली स्वप्ने घातली. एवढ्या चाळण्यांतून स्वप्नफलाच्या पुस्तिकेतील किती स्वप्ने खाली उरतील? पुढे अशी दारुण स्वप्ने रोग्याला व निरोग्याला सारखीच घातक नसतात, असे चरकाचार्यच सांगतात. म्हणजे स्वप्नाचे वजन त्याच्या शेजारील व्याधीवरून ठरते. छर्दीच्या संदर्भात तर स्वप्नात अपूपासारखे पदार्थ खाल्ले आणि जागे झाल्यावर तसेच वमन झाले, अशी जोड अपेक्षिली आहे. अरिष्ट नसलेले अरिष्ट समजणे हा प्रज्ञापराध होय, असा इशाराही त्याच स्थानात आहे. भाविक स्वप्न असते की नाही, या वादात मी पडत नाही. ते घडण्यापूर्वी ओळखण्याचे साधन वैद्याच्या हाती नाही. दोषज स्वप्न ओळखण्याचे साधन मात्र आहे आणि तेवढे आपले कर्तव्य आहे.

याखेरीज, अरिष्ट खरोखर दिसले तरी न विचारता मरण बोलू नये आणि विचारले तरी जेथे आघात होईल तेथे सांगू नये, ही वैद्याला घातलेली मर्यादा आहे. स्वप्न ऐकून गंभीर चेहरा करणारा आणि रुग्णाच्या भीतीवर उपायांची यादी लिहून देणारा मनुष्य या मर्यादेचा भंग करतो, मग त्याच्या नावामागे कोणतीही पदवी असो.

दुसरी शंका आधुनिक वळणाची आहे : स्वप्न ही रुग्णाने सांगितलेली गोष्ट, तिला प्रमाण काय? परंतु वेदनेलाही रुग्णाच्या शब्दाखेरीज दुसरे प्रमाण नाही, म्हणून आपण शूलाची नोंद करणे सोडलेले नाही. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात काय अनुमानाने जाणावे याची मोठी यादी दिल्यावर, ग्रहणीचे मृदुत्व किंवा दारुणत्व, स्वप्नदर्शन, अभिप्राय, आवडनिवड आणि सुखदुःख हे रुग्णाला विचारूनच जाणावे, असे सांगितले आहे. कोष्ठ मृदू की क्रूर, हे आपण प्रत्येक रुग्णाला विचारतो. त्याच वाक्यातील पुढचा शब्द गाळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

विचारावे काय?

माझ्या अनुभवात पाच प्रश्न पुरतात आणि त्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. स्वप्नात काय घडत होते : पडणे, बुडणे, गुदमरणे, पळणे, भांडणे, शोधणे? रात्रीच्या कोणत्या प्रहरी पडले आणि पुन्हा झोप लागली का? जाग आली तेव्हा शरीराची स्थिती कशी होती : तृष्णा, मूत्रवेग, घाम, धडधड, आंबट घशाशी येणे? शेजारी झोपणाऱ्याने घोरणे, श्वास थांबणे, हात झाडणे पाहिले का? गेल्या महिन्यात कोणते औषध किंवा व्यसन सुरू झाले अथवा सुटले? याशिवाय शेवटी रुग्णालाच विचारावे, की या स्वप्नाचा अर्थ तुम्हाला काय वाटतो? पुष्कळदा रुग्णाला स्वप्नापेक्षा त्याच्या ऐकीव अर्थाचीच भीती अधिक असते आणि ती बोलून दाखवल्यावरच उतरते.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आचार्यांनी अनुभूत स्वप्न निष्फळ म्हटले ते भविष्याच्या दृष्टीने. भूतकाळाच्या दृष्टीने ते फार बोलके असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास, लोक झोपेत असताना झाला. अशा आपत्तीतून वाचलेला मनुष्य पुढे अनेक वर्षे भिंत कोसळल्याचे स्वप्न पाहत असेल, तर त्याला पुढे येणारे संकट दिसत नाही. मागे घडलेले अजून संपलेले नाही. अपघात, जाळपोळ, घरातील मारहाण यांतून गेलेल्यांचेही तसेच. वारंवार पडणारी दुःस्वप्ने आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध संशोधनात आढळला आहे. म्हणून अशा रुग्णाला जगणे नकोसे वाटते का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात येतो, ही समजूत खोटी आहे. गरज वाटल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, तो क्रमांक दवाखान्यात आणि दुकानात ठळकपणे लावावा.

आपल्या संघटनेच्या सभासदांना एक छोटी विनंती करून हा लेख पुरा करतो. केसपेपर पुन्हा छापायला द्याल तेव्हा ‘निद्रा’ या रकान्याखाली ‘स्वप्न’ असा एक रकाना वाढवावा आणि वर्षभर त्यात वस्तूऐवजी क्रिया, वेळ व जागे झाल्यावरची शरीरस्थिती एवढे लिहावे. वर्षअखेर या नोंदी रुग्णाचे नाव वगळून संघटनेच्या शाखेत एकत्र ठेवता येतील आणि कोणत्या व्याधीत कोणती क्रिया वारंवार दिसते, याची पडताळणी आपल्यालाच करता येईल. व्याप्ती अशीच सिद्ध होते. संहितेत सांगितले म्हणून मान्य आणि आधुनिकांनी हसून उडवले म्हणून त्याज्य, या दोन्ही टोकांपेक्षा हा मार्ग कष्टाचा आहे. पण पाच-पन्नास दवाखान्यांनी मनावर घेतले, तर तो अवघड नाही.